सारवलेलं कोर्ट

१६ सप्टेंबर १९८४

प्रिय आक्का,

शामूचा नमस्कार. पत्राचं कारण पहिल्या ओळीत लिहायचं असतं हे तूच मला शिकवलंस, आणि मी चौथीत शाळा सोडली तरी तेवढं डोक्यात राहिलंय. ह्या खेपेला मात्र कारण मागं ठेवतो. ते आधी लिहिलं तर पुढचं लिहायला हात उचलणार न्हाई.

मी बरा आहे. इथं सकाळची थंडी सुरू झाली. बातमी अशी की आमची बायकांची टेनिसची टुर्नामेंट बंद झाली. दर साली जुलैत संपते तशी न्हाई, कायमचीच. पुढल्या वर्षापासून ती मोठ्या शहरात जाणार, तिथं सिमेंटचं कोर्ट आहे. आमच्या एक नंबरच्या मोठ्या कोर्टाच्या जागी पोहायचा तलाव करणार. बाकीची चार कोर्टं मेंबर लोकांसाठी ठेवणार, म्हणून माझं काम तूर्त आहे. शेवटची मॅच झाली त्या दिवशी एर्नेस्टो रडला. एर्नेस्टो म्हणजे ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी इटलीत आल्यापासून कोर्टाची माती ओढतोय तो. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं न्हाई. डॉक्टर दात काढायच्या आधी सुई टोचतो तेव्हा गाल आपला असून आपला वाटत न्हाई, तसं मला हल्ली सगळ्याच बाबतीत होतंय. जाळी सोडली, गुंडाळली, खोलीत नेऊन ठेवली आणि जेवलो.

आता क्लबवाले टुर्नामेंटच्या चौदा वर्षांचं एक पुस्तक काढणार आहेत. ते काम हापिसातल्या बियांका बाईकडं आहे. आपल्या तानीबाई मावशीच्या वयाची, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि तोंड मावशीसारखंच, कुणाला सोडत न्हाई. पहिल्या वर्षापासून ती हापिसात आहे. एकेकाला बोलावून विचारते आणि समोरच टाइप करते. मलाही बोलावलं. तिला माझ्याकडनं एकच गोष्ट पाहिजे, की हे काम मी कुणाकडनं शिकलो. एर्नेस्टोनं दोन मिनिटांत आपल्या बापाचं नाव सांगून टाकलं. मी चार दिवस टाळलं. काल सांगितलं, पण अर्धंच. राहिलेलं अर्धं तुझ्यापाशी आहे.

त्या चार दिवसांत तिच्या खोलीत बसून मी सगळा इतिहास ऐकला. तुलाही सांगतो. वखारीत दिवसभर तंबाखू चाळून तुझे डोळे चुरचुरत असतील, म्हणून दमादमानं वाच.

आधी इथं पुरुषांचीच टुर्नामेंट व्हायची. बायका त्याच आठवड्यात पाच नंबरवर खेळायच्या. पाच नंबर म्हणजे स्वैपाकघराच्या मागचं कोर्ट. कांदा तळायचा वास, भांड्यांचा दणका. पुरुषांची मॅच लांबली की बायकांना उद्या या म्हणायचं. एका वर्षी बायकांची फायनल तिथंच लावली, आणि ऐन मॅचमधी आचारी खरकट्या पाण्याची बादली घेऊन कोर्टावरून आडवा गेला. रोजची वाट त्याची, त्याला काय कळणार. दोघी खेळणारींनी रॅकेटी खाली ठेवल्या आणि आमचं झालं म्हणाल्या. पंचानं सांगितलं, सेक्रेटरीनं सांगितलं, न्हाईच खेळल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे १९७१ ला, बायकांची वेगळी टुर्नामेंट सुरू झाली. सोळा जणी आल्या. त्यातल्या तीनच नुसत्या खेळावर जगणाऱ्या, बाकीच्यांत एक मास्तरीण, एक नर्स आणि एक खाटकाची सून होती. बक्षीस म्हणून मनगटी घड्याळ दिलं. पैसे दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे तेव्हा ती खरी पेशाची झाली. त्र्याहत्तरला चार दिवस पाऊस लागला. ह्यांचं कोर्ट विटांच्या लाल चुऱ्याचं, पाणी मुरायला वेळ घेतं. फायनल रविवारची मंगळवारी झाली, बघायला एकतीस माणसं. बियांकानं मोजली होती, कारण प्रत्येकाला तिनंच कॉफी दिली. पंच्याहत्तरला पुरुषांची टुर्नामेंट दुसऱ्या गावाला गेली आणि एक नंबर बायकांना मिळालं.

शहात्तरच्या हिवाळ्यात मी आलो. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखतची पहिली टुर्नामेंट सत्याहत्तरची. पुस्तकात तिला वासाचं वर्ष असं नाव पडलंय. मी तुला हे कधी लिहिलं न्हाई. सर्व्हिस मारताना खेळणारी जिथं उभी राहते तिथं टाचेनं माती उकरली जाते. जुलैच्या उन्हात विटांचा चुरा कोरडा होतो, तिसऱ्या गेमला तिथं वाटीएवढा खळगा. एर्नेस्टो पाणी मारायचा, झाडायचा, परत खळगा. मला भाषा बोलता येत न्हवती, थोडी कळायची. मी आपला बघत होतो, आणि मला वाटलं, ह्याला काय लागतंय ते आपल्याला ठावं आहे. टेकडीवर एक गवळी आहे, त्याच्याकडनं सायकलीला दोन बादल्या बांधून शेण आणलं आणि मॅचच्या दिवशी पहाटे सर्व्हिसच्या दोन्ही जागा सारवून ठेवल्या.

दहा वाजता ऊन आलं. आक्का, काय सांगू. टोप्या घातलेल्या बायका नाकाला रुमाल लावून उठायला लागल्या. एका खेळणारीनं बूट उचलून तळवा हुंगला आणि पंचाकडं बघितलं. सेक्रेटरी पळत आला. एर्नेस्टो माझ्या अंगावर ओरडला, अरे हे कोर्ट आहे का गोठा? तुझ्या देशात पाव्हण्यांना असं घेतात काय? मी हातवारे करून सांगितलं, व्हय, असंच घेतात, पाव्हणे यायचे असले की दार शेणानंच सारवतात. बियांका खिडकीतनं बघत होती, ती इतकी हसली म्हणे की खुर्चीत बसावं लागलं. तेवढ्यात खेळणारींतली एक वयस्क बाई, पायानं ती जागा दाबून बघत होती, ती म्हणाली, राहू द्या, इथं माझा पाय खचत न्हाई. म्हणून राहिलं. आठवडाभर त्या जागेला खळगा पडला न्हाई. एर्नेस्टो माझ्याशी दोन दिवस बोलला न्हाई, आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून नखानं ती जागा खरवडून बघत होता. पुढच्या वर्षी त्यानंच बादली हातात दिली. एवढंच म्हणाला, पंधरा दिवस आधी लाव, देवमाणसा.

वास का आला ते तुला वाचतानाच कळलं असेल. तू शेण चार दिवस मुरवायचीस, भिजवायचीस, मग पोत्यातनं गाळून घ्यायचीस, काडी म्हणून राहू द्यायची न्हाईस. मी ताजंच लावलं. कारण मी त्याच्या आधी शेणात हात घातलाच न्हवता. मी फक्त तुला बघितलं होतं, तेही अर्धवट, कुठं पळता येईल ते बघत.

पुढचं थोडक्यात लिहितो. एकोणऐंशीला टीव्हीवाले आले. त्याच वर्षी सिगारेटच्या एका कंपनीनं टुर्नामेंटला पैसा दिला. कोर्टाच्या चारी बाजूंना तिच्या पाट्या, पाटीवर एक बाई बोटात सिगारेट धरून हसतेय. मी तिच्या खालनं रोज सकाळी माती सपाट करायची जाळी ओढायचो. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, की निपाणीला वखारीत कामाला लागले, चाळणीवर बसवलंय, सांजच्याला थुंकी काळी येते. मी उत्तरात इथल्या हवेचं लिहिलं. एक्क्याऐंशीला सोळा वर्षांची पोर जिंकली, फायनल तीन तास चालली, एका पॉइंटला चेंडू इतक्या वेळा जाळीपलीकडं गेला-आला की एर्नेस्टोची बिडी ओढून झाली तरी पॉइंट सुरूच. त्याच वर्षी तू लिहिलंस की दाजी ट्रकवर गेले ते कोगनोळीच्या नाक्यापुढं कुठं गेले ठाऊक न्हाई, सहा महिने झाले. मी तेव्हाही फायनलचंच लिहिलं. त्र्याऐंशीला खुर्च्या निम्म्या मोकळ्या. मोठ्या खेळणारी मोठ्या शहरांत जायला लागल्या. आणि हे साल शेवटचं.

मधलं ब्याऐंशी साल मी गाळलं. आप्पा गेले ते. मी आलो न्हाई. तिकिटाची अडचण होती असं लिहिलं होतं. ते खोटं होतं, एर्नेस्टो तिकीट काढून द्यायला तयार होता. तुझं तेव्हाचं पत्र माझ्यापाशी आहे. त्यात तू लिहिलंस, आप्पा शेवटच्या दिवशी डॉक्टरला सांगत होते, माझा पोरगा विलायतेत कोर्टं करतो, त्याच्यासारखा हात कुणाचा न्हाई. एवढं लिहून खाली लगेच औषधाचं, पाव्हण्यांचं, कोण आलं कोण न्हाई. त्या ओळीच्या पुढं तू काहीच लिहिलं न्हाईस. उशाला बसून पेज कोण भरवत होतं, ते मला माहीत आहे.

बियांकाला वासाच्या वर्षाची गोष्ट पुस्तकात पाहिजेच. म्हणून तिनं विचारलं, हे शेणाचं तुला कुणी शिकवलं. क्लबच्या फायलीत फादरचं पत्र आहे, तेही तिनं काढलं आणि वाचून दाखवलं. फादर आठवतात ना, दोन वर्षं आपल्या बेळगावला होते आणि सकाळी कॅम्पातल्या आप्पांच्या क्लबवर खेळायला यायचे, लांब मोजे घालून. त्यांचा भाऊ इथल्या कमिटीवर होता. त्यांनी लिहिलंय, मी पुष्कळ देश पाहिले, पण हा मुलगा मातीचे कोर्ट हाताने सारवतो तसा कारागीर पाहिला नाही, ह्याला बोलावून घ्या. त्या कागदावर मी इथं आलो. त्याच कागदावर दर दोन वर्षांनी माझे राहायचे कागद नवे होतात.

आता जे आपण दोघांनी कधी काढलं न्हाई ते काढतो. शहात्तरचा मार्च. कोर्टावरचा रूळ ओढून ओढून आप्पांची कंबर गेली होती. क्लबच्या हजेरीवर कोर्टमाळी म्हणून भरमू एवढंच नाव. पण आपण शहापुरातनं निघायचो तिघं, मुरूम चाळायचीस तू, शेण आणायचीस तू, उलट्या पावली मागं सरकत पंजानं अर्धी अर्धी चंद्रकोर काढत अख्खं कोर्ट सारवायचीस तू. लोक म्हणायचे, भरमूच्या कोर्टावर चेंडू दगा देत न्हाई. आप्पा मिशीत हसायचे. मी खांबाला टेकून उभा असायचो, न्हाईतर नसायचोच. त्या दिवशी मी कोल्हापुरास्नं आलतो. तीन दिवस कुस्त्या बघत फिरलो होतो, घरी जायची भीती म्हणून एस्टीतनं उतरून सरळ क्लबवर. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कुणाचा तरी मागून घेतलेला. आप्पांनी बघितलं आणि दात खात म्हणाले, आला का राजा फिरून, थांब तुला दावतो. तेवढ्यात फादर आले. कोर्टाच्या कडेला उकिडवे बसले, बोटानं सारवण दाबलं आणि त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत विचारलं, हे कोर्ट कोणी सिद्ध केले?

तू जाळीपलीकडं बसली होतीस, शेवटचा हात मारत. कोपरापर्यंत शेण. आप्पांनी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, माझ्या पोरानं. फादर माझ्याकडं वळले आणि मी हात खिशात घातले. माझे हात कोरडे होते. तू बादली उचललीस आणि नळाकडं गेलीस. ऐकलंस का न्हाई, हे मी साडेआठ वर्षं स्वतःला विचारतोय. खरं सांगू तर विचारायचं काही न्हाई, तू ऐकलंसच. वीस पावलांवर होतीस. फादरांचा आवाज देवळातल्यासारखा मोठा.

रस्त्यानं येताना आप्पा मला म्हणाले, अरं पोरीला कोण नेणार हाय साता समुद्रापलीकडं? तुझं तरी भलं हुईल. नागूला काय, तिचं आज ना उद्या लगीन हुईल. मला जायचंच होतं. कुठंही. आप्पांनी कोल्हापूरजवळच्या कणेरीला पाठवलं असतं तरी गेलो असतो, असं मी मनाला सांगतो, पण कणेरी आणि इटली ह्यात फरक मलाही कळत होता. निघायच्या दिवशी तू भाकरी बांधून दिलीस आणि स्टँडवर एवढंच विचारलंस, तिथं शेण मिळंल का रं? आप्पा हसले, मीही हसलो. तू हसली न्हाईस. ते काळजीनं विचारलंस का मला टोमणा मारलास, हे मला अजून कळलं न्हाई. दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझी तक्रार न्हाई.

काल सकाळी मी बियांकाला सांगितलं, आप्पा न्हाई, माझ्या बहिणीनं. शिकवलं असंही न्हाई, मी बघून चोरलं. फादरनी बघितलेलं कोर्ट तिनं केलेलं होतं, पत्रातला कारागीर ती. बियांकानं टाइप करायचं थांबवलं. चष्मा काढला. म्हणाली, कागदांचं मला सेक्रेटरीला विचारावं लागेल, नोव्हेंबरात ते नवे करताना काय होईल सांगता येत न्हाई, तरी लिहू का? मी लिहा म्हटलं. तसं सांगताना छातीत काही तरी होईल असं वाटलं होतं. झालं न्हाई. बाहेर आलो, तीन नंबरवर मेंबर लोक वाट बघत होते, पाणी मारलं. मग तिनं खिडकीतनं परत हाक मारली, अरे, बहिणीचं नाव? आणि आक्का, मी तिथंच नळी धरून उभा राहिलो. बियांका म्हणाली, असं काय करतोस, बहीण आहे ना तुझी? म्हणून हे पत्र. मी तुला जन्मभर आक्का म्हणतोय. आपल्या घरी तू नागुबाई भरमू. अठ्ठ्याहत्तरला लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीनं नाव बदललं, मालुबाई परशराम, ते आप्पांच्या पत्रात मी एकदाच वाचलं. मी त्या लग्नाला न्हवतो, म्हणून ते नाव मला कधी तोंडात बसलं न्हाई, आणि आता दाजीच न्हाईत तर ते तू ठेवलंस का टाकलंस तेही माहीत न्हाई. एकाचं नाव लावलं तर ज्यानं तुझं काम माझ्या नावावर केलं त्याचं, दुसऱ्याचं लावलं तर जो सोडून गेला त्याचं. वखारीच्या हजेरीला तू कुठलं सांगतेस? छापखान्यात ऑक्टोबरच्या वीस तारखेला जाणार आहे, तोवर ती जागा मोकळी ठेवायला लावलीय. माझं नाव तिथं घालायचं न्हाई हे बजावून आलोय, तू उत्तर दिलं न्हाईस तरी न्हाई. मागं बापाचं लावू, नवऱ्याचं लावू, का कुणाचंच न लावता नुसतं नागुबाई, तेवढं कळव.

तुझाच,
शामू